पोटातले जिवाणू, कागदावरची सही आणि आपण



या पानावर आम्ही एरवी बेणेमळा, खोडव्याची निगा, हुमणी, पाचट, ठिबक असे विषय घेतो. या अंकातला विषय वेगळा आहे. वाचताना कोणी हसेल, कोणी नाक मुरडील. तरी शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण या प्रकरणात आमच्या हातूनही एक चूक झाली आहे. ती कबूल केल्याशिवाय पुढचे चार शब्द बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

गळीत हंगाम सुरू होण्याआधीची गोष्ट. एका संशोधन संस्थेची चार माणसे आमच्या शेतकी ऑफिसात आली. शिकलेली, सभ्य माणसे. बागायती भागातल्या शेतकरी कुटुंबांच्या पोटात कोणकोणते जिवाणू असतात याचा अभ्यास त्यांना करायचा होता. त्यासाठी शेतातली माती, विहिरीचे पाणी आणि घरातल्या लहानथोरांचे शौचाचे नमुने हवे होते. त्यांनी सभासदांची यादी मागितली. नाव, गाव, गट नंबर, मोबाईल नंबर. आम्ही चहा मागवला आणि चहा येईपर्यंत यादी काढून दिली. सभासदाला विचारावे, निदान संचालक मंडळाच्या कानावर घालावे, हे त्या दहा मिनिटांत आमच्या मनातसुद्धा आले नाही. चांगल्या कामाला मदत केली या समाधानात आम्ही बेणे प्लॉट बघायला निघून गेलो.

पुढे ती मंडळी वस्त्यांवर गेली. "कारखान्याच्या साहेबांनी पाठवलंय" एवढे वाक्य पुरले. एका वस्तीवर आजीबाई म्हणाल्या, "अरे बाबांनो, परसाकडचं नेऊन तुम्ही करणार तरी काय?" सगळे हसले. डब्या वाटल्या, दुसऱ्या दिवशी गोळा झाल्या, चार पानी कागदावर सह्या आणि अंगठे झाले. तो कागद कोणी वाचला नाही. आम्हीही वाचला नव्हता.

पाच महिन्यांनी एक सभासद ऑफिसात आले. वयाने आमच्यापेक्षा मोठे, गटातले सगळे त्यांना तात्या म्हणतात. म्हणाले, "साहेब, आमच्या पोटाचं काय निघालं?" आम्ही फोन लावला. नमुने घेणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता. दुसऱ्याने सांगितले, निकाल वैयक्तिक देता येत नाही, माहिती पुढे गेली आहे. पुढे म्हणजे कुठे, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. तात्या शांतपणे म्हणाले, "साहेब, काट्यावर गाडी गेली की पावती मिळती. वजन कमी वाटलं तर भांडता येतं. आमच्या डबीची पावती कुठंय?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर शोधायला बसलो तेव्हा जे वाचनात आले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

हे शास्त्र आपल्याला नवीन नाही

पोटातल्या जिवाणूंच्या या सगळ्या गोतावळ्याला शास्त्रज्ञ मायक्रोबायोम म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे. आपण ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात बेणे अर्धा तास बुडवतो, स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतातून देतो, हुमणीसाठी मेटारायझियम बुरशी टाकतो. उसाच्या आत राहून हवेतला नत्र उसाला देणारा जिवाणू ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली जगापुढे आणला, तेव्हा ऊस हे नुसते पीक नसून जिवाणूंचेही घर आहे हे कळले. माणसाचेही तसेच आहे. एका प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या पेशींइतके. त्यातले बहुतेक आतड्यात. अन्न पचवणे, काही जीवनसत्त्वे तयार करणे, रोगजंतूंना जागा न देणे ही कामे ते करतात. जमिनीत सेंद्रिय कर्ब संपला की जिवाणू कमी होतात आणि नुसत्या युरियाने टनेज येत नाही, हे आम्ही तुम्हाला वीस वर्षे सांगत आलो. पोटाचे गणितही फार निराळे नाही.

या शास्त्रात आपल्या पुण्याचे नाव मोठे आहे. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुष्कळ वर्षे केले. २०१२ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका छपराखाली राहणारी दोन एकत्र कुटुंबे घेतली आणि आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू वयाप्रमाणे कसे बदलतात हे पाहिले. एकत्र कुटुंब ही आपल्याकडे अजून शिल्लक असलेली गोष्ट, म्हणून हा अभ्यास इथे होऊ शकला. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यात गोदावरीच्या पाण्यातल्या जिवाणूंवर काय परिणाम झाला, हेही पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तपासले. तेच पाणी पुढे कोपरगाव, नेवाशाला येते. २०१९ साली वीस हजारांहून अधिक भारतीयांची लाळ, त्वचा आणि शौचाचे नमुने घेण्याच्या मोठ्या योजनेची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. म्हणजे डब्या घेऊन माणसे आज आली तशी उद्याही येणार. यावीतच. प्रश्न एवढाच की त्यांना आपण कसे सामोरे जायचे.

लोक काय म्हणतात

यादीचा प्रकार झाल्यावर आम्ही गटागटांतून फिरताना मुद्दाम हा विषय काढला. तीन प्रकारची मते ऐकायला मिळाली.

पहिले मत हसण्यावारी नेणाऱ्यांचे. "साहेब, जी गोष्ट आपण टाकून देतो त्यात कसलं आलंय गुपित? नेऊ द्या की." हे मत सर्वांत जास्त लोकांचे होते. बँकेचा ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे आता पोरांनी म्हाताऱ्यांनाही शिकवले आहे. कारण त्यात पैसा जातो हे दिसते. डबीत काय जाते ते दिसत नाही.

दुसरे मत भिणाऱ्यांचे. "रक्त, लघवी, परसाकडचं, काही द्यायचं नाही. हे नेतात आणि औषधं बनवून आपल्यालाच विकतात." या मंडळींचा संशय अगदीच हवेतला नाही, पण त्यांना दवाखान्यातली तपासणी आणि संशोधनाचा नमुना यातला फरक माहीत नाही. त्यामुळे त्यातले काही जण गरजेच्या तपासणीलाही नाही म्हणतात. तो तोटा त्यांचाच.

तिसरे मत ऐकून मात्र आम्ही मनातून हललो. "आम्ही कुठं विचार केला साहेब? तुम्ही पाठवलंय म्हटल्यावर दिलं." म्हणजे ती संमती संशोधनाला नव्हती, ती आम्हाला होती. वीस वर्षे बांधावर उभे राहून, लागणीला आणि तोडीला वेळेवर जाऊन जो विश्वास आम्ही मिळवला, तो आम्ही एका चहाच्या वेळात दुसऱ्याला उसना देऊन टाकला. आणि ज्याला दिला तो निघून गेला.

जो माणूस साहेबाला नाही म्हणू शकत नाही, त्याच्या होकाराला किंमत किती? हाच प्रश्न ऊसतोड मजुरांच्या बाबतीत आणखी कडक होतो. पाथर्डी, बीड, आष्टीकडून आलेली कोयत्याची टोळी. मुकादमाकडून उचल घेतलेली. मुकादमाने सांगितले की नमुने द्या, तर देतील. त्यांचा अंगठा कागदावर असेल, पण तो मुकादमाचा होकार असेल. संशोधकाला असले शंभर कागद एका संध्याकाळी मिळतात, म्हणून तर ते जास्त जपून घ्यायला हवेत.

धोका खरा आहे की बागुलबुवा?

आम्ही डिप्लोमावाले शेतकी माणूस, डॉक्टर नाही. तरी जे पक्के आहे तेवढे सांगतो.

नमुन्यावरचे नाव खोडून नुसता नंबर टाकला की माणूस लपला, असे पूर्वी समजत. २०१५ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की पोटातल्या जिवाणूंचा साचा माणसागणिक इतका वेगळा असतो, की पहिल्या नमुन्यावरून बांधलेल्या खुणेने त्याच माणसाचा काही महिन्यांनी, वर्षाने घेतलेला नमुना दहापैकी आठ वेळा ओळखता आला. शिवाय शौचाच्या नमुन्यात नुसते जिवाणू नसतात, आपल्या स्वतःच्या पेशींचा अंशही असतो. २०२३ साली जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या अंशावरून नमुना पुरुषाचा की बाईचा, आणि तो कोणत्या वंशाचा, हे सांगून दाखवले. दुसरीकडे त्या माणसाची गुणसूत्रांची नोंद असेल तर दोन्हींची जोडी लावता येते, हेही दाखवले. त्याच वर्षी इटलीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने नऊ हजारांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईचे जिवाणू लेकराकडे जातात आणि एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू एकमेकांशी जुळतात, हे त्यात दिसले. म्हणजे एकाने डबी दिली तर घरातल्या बाकीच्यांचीही थोडी माहिती बरोबर जाते. त्यांना कोणी विचारलेले नसते.

उगीच घाबरवायचे नाही म्हणून दुसरी बाजूही सांगतो. असे जुळवून पाहायला ज्ञान, यंत्रे आणि पैसा लागतो. कोणी उठून ते तात्यांच्या डबीवर करील हे आज संभवत नाही. पोटातला साचाही कायम एकच राहत नाही. आजाराने, औषधाने, खाण्याने बदलतो. पण नमुना शीतपेटीत आणि माहिती संगणकात वर्षानुवर्षे राहते. आज ज्याला महागडे यंत्र लागते ते उद्या किती सोपे होईल, हे मोबाईलकडे बघून समजावे. ओटीपी बदलता येतो, एटीएमचा नंबर बदलता येतो. नमुन्यात गेलेला आपल्या शरीराचा अंश बदलता येत नाही.

आमच्या मते आपल्यासारख्यांना मोठा धोका एकट्यादुकट्याचा नाहीच. तो गावाचा आहे. समजा, एखाद्या अहवालात गावाचे नाव आले आणि लिहिले गेले की इथल्या लोकांच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू जास्त आहेत. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ती महत्त्वाची नोंद. पण राहाता, संगमनेर, राहुरी पट्ट्यात घराघरांत दूध आहे. उद्या डेअरीवर कोणी म्हणाले, त्या गावचे दूध नको, तर? सोयरीक जमवताना कोणी कुजबुजले, तर? व्यक्तीचे नाव कागदावर नव्हते हे खरे, पण नुकसान मात्र प्रत्येक दारात पोचेल. नाव खोडून माणूस लपतो, गाव लपत नाही. एखादी जमात, एखादी वस्तीही लपत नाही.

असे घडलेले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात हवासुपाई नावाची लहानशी आदिवासी जमात आहे. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहासाठी म्हणून त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार, जमातीतले आपसातले विवाह, त्यांचे पूर्वज कुठून आले, असल्या विषयांचे अभ्यास झाले. लोकांना हे कळले तेव्हा ते कोर्टात गेले. २०१० साली तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्ताचे नमुने त्यांना परत दिले गेले. त्यांची तक्रार रक्त घेतल्याची नव्हती. एका कामासाठी दिलेले दुसऱ्या कामाला वापरल्याची होती. ठिबकसाठी घेतलेले कर्ज लग्नात घातले तर सोसायटी विचारते ना? तसेच हे.

नकार हा उपाय नव्हे

हे वाचून कोणी म्हणेल, मग सरळ नाही म्हणावे. आमचे तसे मत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ सालापासून के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आपल्याकडची बाळे वजनाला कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते आणि पुढच्या मधुमेहाचे मूळ आईच्या पोटातच रुजू शकते, हे तिथल्या शेतकरी घरांमुळे जगाला कळले. त्या बायांनी दार लावून घेतले असते तर हे कळले नसते. आज आपल्या गावांत चाळिशीच्या आत साखर निघते आहे. साखर कारखान्याच्या सभासदाला हे वाक्य विनोदी वाटेल, पण घरात पेशंट असणाऱ्याला नाही. पोटातल्या जिवाणूंचा मधुमेहाशी, कुपोषणाशी, औषधांच्या परिणामाशी काय संबंध आहे हे शोधायचे तर आपल्या ज्वारी-बाजरी खाणाऱ्या, फवारणी करणाऱ्या, गोठ्यात वावरणाऱ्या माणसांचेच नमुने लागणार. अमेरिकेतल्या माणसाच्या पोटावरून आपले औषध ठरू नये. को ८६०३२ आपल्या मातीत आणि आपल्या पाण्यावर पारखला, तेव्हा तो आपला झाला. तसेच आहे.

विश्वास कसा मिळवावा याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर, बायांना आरोग्यसेविका केले. गावोगाव शेतकरी मंडळे उभी केली. माहिती गोळा झाली ती गावासाठी आणि गावाच्या हाताने. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जगभरातली माणसे ते बघायला आपल्या दुष्काळी भागात आली. तिथे माहिती गावाकडून डॉक्टरांकडे गेली आणि निर्णय होऊन गावाकडे परत आली. आमच्या प्रकरणात ती फक्त गेली.

अंगठ्याची किंमत आपल्याला कोणी शिकवू नये

मे १८७५ मध्ये सुप्याला उठाव झाला आणि तो पुणे जिल्ह्यातून आपल्या नगर जिल्ह्यात पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून मुख्यतः काय जाळले? खते, रोखे, कागद. आपण कशावर अंगठा दिला हे त्यांना उशिरा कळले होते. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपण त्यांचेच पणतू. संशोधक म्हणजे सावकार, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पण न वाचलेला कागद हा न वाचलेलाच कागद असतो, तो कोणीही पुढे केलेला असो.

आता कायद्याचे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संशोधनाची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने काढली. नमुना देणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे, संमतिपत्राची प्रत त्याच्या हातात द्यावी, त्याला कधीही माघार घेता यावी, आणि नैतिक समितीची मंजुरी असल्याशिवाय काम सुरू करू नये, हे त्यात स्पष्ट आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पण या कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीव येतात, माणसाचा आनुवंशिक अंश मात्र वगळला आहे. मग माणसाच्या पोटातला जिवाणू कोणत्या खात्यात धरायचा? सातबारा एकाच्या नावावर आणि विहीर दुसऱ्याच्या, तसला हा प्रकार. यावर वकील मंडळी बोलतील. आपण कायद्याची वाट बघत बसू नये, एवढेच आम्ही म्हणतो.

आपण काय करावे

२०१७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने स्वतःच एक आचारसंहिता लिहिली. संशोधकांनी आमच्याकडे यावे, पण आधी आमच्या परिषदेला विचारावे, आदराने वागावे, निकाल आम्हाला सांगावेत, असे त्यात आहे. पिढ्यानपिढ्या शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगलेल्या त्या समाजाला हे जमले, तर सहकाराची पाऊणशे वर्षांची परंपरा असणाऱ्या आपल्याला का जमू नये? १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर, की एकटा शेतकरी भाव ठरवू शकत नाही, एकत्र आले तर ठरवू शकतात. नमुन्याच्या बाबतीतही एकटा माणूस चार पानी कागदापुढे लहान पडतो. सभासद मिळून बसले तर अटी घालू शकतात.

नमुना मागायला आलेल्याला प्रत्येकाने हे प्रश्न विचारावेत:

१. कोणत्या संस्थेचे काम, पैसा कोणाचा, आणि नैतिक समितीच्या मंजुरीचा कागद कुठे आहे?

२. माझा नमुना किती वर्षे ठेवणार, कुठे ठेवणार, आणि आज सांगितलेल्या कामाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणार का? वापरणार असाल तर मला पुन्हा विचारणार का?

३. नमुन्यात माझ्या शरीराचा जो अंश असेल त्याचे काय करणार?

४. माझ्या गावाचे, वस्तीचे नाव छापणार का?

५. मला माघार घ्यायची झाली तर कोणाला भेटू? त्याचे नाव आणि फोन नंबर मराठीत लिहून द्या.

६. निघालेले निष्कर्ष गावात येऊन कधी सांगणार?

ही झाली डबीची पावती. जो संशोधक प्रामाणिक आहे त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही. मातीचा नमुना घेताना आम्ही तुम्हाला सांगतो ना, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका, नागमोडी चालत नमुना घ्या, चिठ्ठीवर तारीख आणि गट नंबर घाला? नमुना चुकीचा घेतला तर अहवाल चुकीचा येतो. संमती चुकीची घेतली तरी तसेच होते. जो माणूस दबून किंवा न समजता डबी देतो, तो पुढच्या वेळी खोटी माहिती सांगतो किंवा दुसऱ्याचीच डबी भरून देतो. एका वस्तीवर एका वहिनींनी आम्हाला हसत सांगितले की त्यांच्या सासऱ्यांनी दिलेली डबी सासऱ्यांची नव्हतीच. त्यावर शास्त्र उभे राहणार असेल तर ते कोणाच्या कामाचे?

काही शिकलेली मंडळी म्हणतात, इतक्या अटी घातल्या तर कोणी येणारच नाही, आणि खेड्यातल्या माणसाला यातले कळणार तरी काय. पहिल्याला उत्तर असे की काटा तपासून घेतो म्हणून ऊस घालायचा कोणी सोडलेला नाही. उलट जिथे काट्यावर भरवसा, तिथेच गाड्यांची रांग. दुसऱ्याचे उत्तर तात्यांनी आधीच दिले आहे. मायक्रोबायोम हा शब्द त्यांना उच्चारता येत नाही, पण पावती मागावी हे त्यांना कळले. आम्हाला डिप्लोमा असून कळले नव्हते.

कारखान्याच्या पातळीवर आम्ही संचालक मंडळाकडे तीन गोष्टी लेखी मांडल्या आहेत. पहिली, सभासदाची यादी, मोबाईल नंबर, ऊस नोंदीची माहिती यापुढे त्या सभासदाला विचारल्याशिवाय कोणत्याही बाहेरच्या संस्थेला देऊ नये, मग ती संस्था सरकारी असो, खाजगी असो की बियाणे-औषधांची कंपनी. कायद्याने द्यावी लागणारी माहिती अर्थातच वेगळी. दुसरी, संशोधनासाठी कोणी आले तर आधी गटात बैठक व्हावी, तिला बाया आवर्जून असाव्यात, आणि बैठक व डबी यांच्यामध्ये निदान आठ दिवस जावेत. घरी बोलायला वेळ नको का? तिसरी, तोडणी मजुरांचे नमुने मुकादमामार्फत घेऊ देऊ नयेत. त्यांना वेगळे बसवून, ज्याला नको त्याला उठून जाता येईल असे विचारावे.

ज्यांची नावे आम्ही त्या यादीत दिली त्या घरांना आम्ही एकेक करून भेटत आहोत. झाले ते सांगतो आणि माफी मागतो. माघार घ्यायची असेल तर अर्ज लिहून देतो. बहुतेकांनी "जाऊ द्या हो साहेब" म्हणून चहा पाजला. दोघांनी अर्ज दिला. एका ताईंनी मात्र विचारले, "साहेब, लेकराचाबी नमुना दिलाय. त्याला कुणी विचारलं?" ते बाळ दीड वर्षाचे आहे. तो मोठा होईल तेव्हा त्याचा नमुना कुठे असेल, हे आम्हाला त्या ताईंना सांगता आले नाही. संस्थेला आम्ही दोन पत्रे पाठवली आहेत. उत्तर आले की याच पानावर छापू.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी आमची विनंती आहे. उसाचा भाव, तोडणीचा कार्यक्रम, उतारा हे विषय महत्त्वाचे आहेतच, त्यांना बाजूला सारून नव्हे. पण शेवटच्या आयत्या वेळच्या विषयात का होईना, दहा मिनिटे द्यावीत. कोणाचे मत आमच्या विरुद्ध असेल तर त्यांनी उठून बोलावे. तात्यांनी येण्याचे कबूल केले आहे.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी